पंधराव्या वर्षीचा ब्लूज: वय धरून ऐकायचा की वय विसरून?

मधली_तार

नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी घरात एका अल्बमवरून वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही, म्हणून इथे आणतोय.

माझा मुलगा पंधरा वर्षांचा. तीन वर्षं गिटार शिकतोय आणि गेलं वर्षभर ब्लूजच्या, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या जुन्या दुःखगाण्यांच्या मागे लागलाय. कोथरूडला आमच्या चौथ्या मजल्याच्या बाल्कनीत छोटा ॲम्प घेऊन बसतो आणि एकच बेंड (तार ओढून सूर चढवणं) वीस-वीस वेळा ओढतो. शेजारचे सहन करतात, देव त्यांचं भलं करो.

रविवारी मी त्याला अमेरिकन गायक-गिटारवादक जॉनी लँगचा 'लाय टू मी' ऐकवला. कॉलेजात असताना मी तो पारायण केल्यासारखा ऐकला होता. हा अल्बम २८ जानेवारी १९९७ ला आला आणि दुसऱ्या दिवशी लँगला सोळा पूर्ण झाली. म्हणजे रेकॉर्डिंग केलं तेव्हा तो पंधराचाच होता. पहिलं गाणं संपलं आणि मी सवयीने बोलून गेलो, "वयाच्या मानाने काय गातो-वाजवतो ना!"

मुलगा गप्प झाला. दोन गाणी तशीच गेली. मग म्हणाला, "बाबा, मला त्याचं वय माहीत नसतं आणि तुम्हालाही नसतं, तर तुम्ही काय म्हणाला असतात?"

मला उत्तर देता आलं नाही. अजूनही देता येत नाही. त्याला स्वतःची दोन गाणी रेकॉर्ड करायची आहेत, त्यामुळे हा नुसता गप्पांचा विषय उरलेला नाही. कोवळ्या पोराचा पहिला अल्बम ऐकताना तुम्ही काय बघता? वय जमेस धरता, वजा करता, की बाजूलाच ठेवता?

निगडीकर

बाजूला ठेवायचं. ताटातली भाजी चांगली झाली की नाही एवढंच बघायचं, आचाऱ्याचा जन्मदाखला कशाला मागायचा?

जुनी_कॅसेट

निगडीकर, भाजीचं ठीक आहे, पण हे लोणचं आहे. मुरावं लागतं.

मधली_तार, तुमच्याच वेळचा श्रोता आहे मी. त्या दोन-तीन वर्षांत असे बरेच अल्बम आले. गिटारवादक केनी वेन शेपर्डचा 'लेडबेटर हाइट्स' १९९५ चा. तो आला तेव्हा पठ्ठ्या अठराचा होता. लुइझियानातलं श्रीव्हपोर्ट हे त्याचं गाव आणि लेडबेटर हाइट्स ही त्याच गावातली वस्ती. नाव पडलं हडी लेडबेटरवरून, म्हणजे जुना ब्लूज गायक लेड बेली याच्यावरून. आपल्या गावच्या पूर्वजाचं नाव पहिल्याच अल्बमला द्यायचं हे मला तेव्हाही आवडलं होतं. पण त्यातली बहुतेक गाणी शेपर्डने गायलेली नाहीत, गायक वेगळा आहे. पोरगं फक्त गिटारमधून बोलतं. लँग मात्र स्वतः गातो आणि तेही खरवडलेल्या, घोगऱ्या, पन्नाशीतल्या आवाजात. दोन्ही अल्बमचा निर्माता एकच, डेव्हिड झी. ध्वनी दोन्हीकडे झकपक आहे, सगळं जागच्या जागी.

आता माझं मत. गिटार शेपर्डचीही उत्तम आणि लँगचीही उत्तम. पण लँग जेव्हा बाई सोडून गेल्याचं दुःख गातो, तेव्हा मला ते उसनं वाटतं. ब्लूज हे भोगलेल्याचं गाणं आहे. पंधराव्या वर्षी माणसाने भोगून भोगून काय भोगलेलं असणार? म्हणून वय धरावंच लागतं. आवाज कितीही कमावलेला असला तरी त्याच्यामागे आयुष्य नसेल तर मला ते पोकळ ऐकू येतं.

टेलिवाला

जुनी_कॅसेट, तुमच्याकडून ब्लूजबद्दल खूप शिकलोय, पण इथे कडाडून विरोध.

ज्यांना आपण 'मुरलेले' म्हणतो त्यांची वयं बघू या. रॉबर्ट जॉन्सनचा जन्म १९११ चा. त्याने सगळी मिळून २९ गाणी ध्वनिमुद्रित केली, १९३६ मध्ये सॅन अँटोनियोला आणि १९३७ मध्ये डॅलसला. म्हणजे पंचविशी-सव्विशीत. १९३८ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी गेला. ओटिस रशने पहिली गाजलेली रेकॉर्ड केली १९५६ मध्ये, जेमतेम विशी ओलांडली होती. गिटारवादक एरिक क्लॅप्टन जॉन मेयॉलच्या बँडच्या १९६६ च्या ज्या अल्बमसाठी ओळखला जातो, तो करताना एकवीसचा होता. त्याच जागेवर पुढच्या वर्षी मिक टेलर आला, तो अठराचा.

ही सगळी तरुण पोरं होती हो! त्यांना म्हातारपण आपण बहाल केलं. जॉन्सनच्या रेकॉर्डवर जी खरखर आहे ना, ती आपल्याला सुरकुत्यांसारखी ऐकू येते. बी. बी. किंगला आपण खुर्चीत बसून वाजवताना पाहिलं, म्हणून ब्लूज म्हणजे खुर्चीत बसलेला पांढऱ्या केसांचा माणूस, असं चित्र डोक्यात बसलंय. त्याची पहिली रेकॉर्ड १९४९ ची आहे, तेव्हा तो चोविशीच्या आत-बाहेर होता.

आणि पंधराव्या वर्षी दुःख नसतं, हे बोलणाऱ्याने स्वतःची नववी-दहावी आठवून बघावी. माझा बाप मी चौदाचा असताना गेला. त्यानंतर चाळिशीपर्यंत तेवढं मोठं काही घडलेलं नाही. दुःखाला वयाची अट नाही. ते सांगायला शब्द नसतात एवढंच, म्हणून त्या वयात पोरं दुसऱ्याची गाणी म्हणतात.

जुनी_कॅसेट

टेलिवाला, ते माहीत नव्हतं. आणि तुमचं म्हणणं मनाला लागलं. रात्री परत ऐकतो, मग बोलतो.

पाऊसवेडी

वाचतेय. ब्लूजमधलं ओ की ठो कळत नाही, पण हा धागा सोडवत नाहीये.

गंधारवेडी

मी हिंदुस्थानी गाणं शिकते, ब्लूजशी ओळख थोडी. पण धाग्यामुळे काल रात्री हेडफोन लावून अख्खा अल्बम ऐकला, तर चार गोष्टी सांगते.

गिटारवाले ज्याला मायनर पेंटाटॉनिक म्हणतात ते स्वर म्हणजे सा, कोमल ग, म, प, कोमल नी. आपला धानी. पण ब्लूज धानी नाही, कारण त्यात गंधार एका जागी थांबत नाही. कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठेतरी तरंगतो. जोगमध्ये दोन्ही गंधार येतात, पण ते आपापल्या वाटेने येतात, एक चढताना आणि एक उतरताना. इथे एकाच स्वरात दोघांची ओढाताण चालते. माझ्या मते सगळं गाणं त्या ओढाताणीत आहे.

म्हणून मी वय बघत नाही, गंधार बघते. वादक तिथे किती वेळ राहतो, तार ओढून थेट शुद्धावर नेऊन सोडतो की मध्येच अर्धवट ठेवण्याची हिंमत करतो. अर्धवट ठेवणं फार अवघड असतं. आमच्या बाई म्हणायच्या, सुराला लागणं सोपं, सुराच्या दारात उभं राहणं अवघड.

लँगबद्दल मला काय वाटलं? जलद जागा लखलखीत आहेत. संथ गाण्यांत तो त्या दारात पोचतो आणि दोन-तीनदा खरंच उभा राहतो. बाकी वेळा आत शिरून मोकळा होतो. पण ज्या दोन-तीनदा उभा राहिला, तिथे माझ्या अंगावर काटा आला आणि तेव्हा त्याचं वय डोक्यात नव्हतं.

मधली_तार

गंधारवेडी, हे मुलाला वाचून दाखवलं. तो लगेच गिटार घेऊन बसला. 'ए' हा सा धरला तर पहिल्या तारेवर आठव्या फ्रेटला कोमल गंधार येतो. तिथे तार अगदी केसभर ढकलायची, अर्ध्या सुरापर्यंतही न्यायची नाही. ट्यूनरचा काटा समोर ठेवून करत होता. काटा मध्येच लटकत राहिला की खूश. तासभर चाललं. आता त्याच्या तिसऱ्या बोटाच्या टोकाला तारेची काळी रेघ उमटलीय.

उसळपाव

गंधारवेडी, तुमचं वाचून मी घरी धानीची एक बंदिश लावली आणि तिच्यामागे माझ्या मुलाला गिटार वाजवायला सांगितलं. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली, म्हणाली, "हे छान आहे, रोज लावा." माझ्या ब्लूजला लग्नानंतर पहिल्यांदाच घरात मान्यता मिळाली, तुमचे आभार.

पर्वतीची_पायरी

पुण्यातल्या श्रोत्यांबद्दल थोडं सांगावंसं वाटतं. 'वयाच्या मानाने' हा शब्दप्रयोग आपल्या कानांत सवाईने पक्का केलाय असं मला वाटतं. रमणबागेच्या मैदानावर महोत्सव व्हायचा त्या काळापासून मी जातोय. संध्याकाळी सुरुवातीला कुणी तरुण कलाकार बसला की मागे बिछायतीवर कुजबुज सुरू, "पुढे जाईल हो पोरगं." यात माया असते, मी नाकारत नाही. मीही म्हटलंय. पण बघा, 'पुढे जाईल' म्हणताना आपण आत्ता तो काय गातोय हे ऐकणं थांबवलेलं असतं. त्याच्या आजच्या गाण्याला आपण उद्याची तारीख देऊन टाकतो.

आता कुमारजींचं उदाहरण घ्या. जन्म १९२४ चा. लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून जशाच्या तशा गायचे आणि लोक थक्क व्हायचे. 'कुमार गंधर्व' हे नावच बालपणीचं. पण ते तिथे थांबले असते तर आज आपण त्यांचं नाव वेगळ्या कारणाने घेतलं असतं. देवधर मास्तरांकडे शिकले, मग क्षयाच्या आजारात काही वर्षं गाणं बंद ठेवावं लागलं, देवासला राहिले, माळव्याची लोकगीतं ऐकली आणि उठले ते वेगळेच होऊन. म्हणजे नक्कल हा दोष नव्हता, तो पाया होता. म्हणून लँग किंवा शेपर्ड दुसऱ्यासारखं वाजवतात ही तक्रार मला पटत नाही. त्या वयात कुणासारखं वाजवावंसं वाटलं, एवढं मी बघतो. गुरू कुणाला मानलं यातच निम्मी निवड झालेली असते.

कृष्णधवल

आळंदीपासून आपण वीस-पंचवीस किलोमीटरवर बसलोय आणि पंधराव्या वर्षी काय कळतं असं विचारतोय? ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इ. स. १२९०. माऊलींचं वय पंधरा-सोळा.

पर्वतीची_पायरी

कृष्णधवल, माऊलींना या तुलनेत नको आणू या. ते माप कुणालाच लावता येणार नाही, त्या पोरावर अन्याय होईल. पण एक मात्र खरं, ज्ञानेश्वरी वाचताना 'वयाच्या मानाने' असं आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

आरपार

सगळे सूर आणि दुःखावर बोलताय, पण एक बाजू राहतेय. हे अल्बम आपल्यापर्यंत पोचले कसे, ते बघा.

मेम्फिसचा एरिक गेल्स. पहिला अल्बम १९९१ मध्ये, वय सोळा. उलटी गिटार धरून वाजवतो, आजही ऐका, थक्क व्हाल. इथे किती जणांनी तो अल्बम तेव्हा ऐकला होता? मी तरी नाही. शेपर्ड आणि लँग मात्र ऐकले. लँगच्या अल्बमच्या अमेरिकेत दहा लाखांवर प्रती गेल्या. गोरं, सोनेरी केसांचं, देखणं पोर आणि त्याच्या तोंडून काळ्या म्हाताऱ्याचा आवाज, हीच तर जाहिरात होती. म्हणजे वय तुम्ही विसरायचं म्हटलं तरी विकणाऱ्यांनी ते आधीच कव्हरवर छापलेलं होतं. पोरांच्या कौशल्याबद्दल मला शंका नाही. पण 'अद्भुत बालक' ही पाटी कुणाच्या गळ्यात अडकवली जाते आणि कुणाच्या नाही, हे बघितल्याशिवाय निवाडा पुरा होत नाही.

आणि अलीकडचं उदाहरण हवं असेल तर क्रिस्टोन 'किंगफिश' इंग्राम. मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलचा, जन्म १९९९. तिथल्या डेल्टा ब्लूज म्युझियममध्ये मुलांना वाजवायला शिकवतात, तिथे शिकला. पहिला अल्बम २०१९ मध्ये आला, तेव्हा वीस पूर्ण झालेली. म्हणजे विशीपर्यंत त्याला कुणी घाई केली नाही. तो ऐका आणि मग लँग ऐका, थांबून आलेल्या माणसाचा फरक कळेल.

टेलिवाला

आरपार, गेल्सबद्दल शंभर टक्के बरोबर. किंगफिशच्या अल्बमवर बडी गाय पाहुणा आहे, जन्म १९३६. दोघांच्या वयात सहा दशकांचं अंतर आहे आणि ऐकताना ते अंतर आड येत नाही.

पण लँगची बाजू घेतो. नॉर्थ डकोटात फार्गोच्या आसपास, बर्फाळ शेतीच्या मुलखात वाढलेला मुलगा. वडील एका स्थानिक ब्लूज बँडच्या कार्यक्रमाला घेऊन गेले, तिथून वेड लागलं. गिटार हातात घेतली बारा-तेराव्या वर्षी. म्हणजे हा अल्बम जेमतेम तीन वर्षांच्या हाताचा आहे. जाहिरात कुणीही करो, ती तीन वर्षं त्याने एकट्याने खोलीत घासलेली आहेत.

मधली_तार, तुमच्या मुलालाही तीनच वर्षं झालीत ना? त्याला हा आकडा सांगू नका. विनाकारण मोजायला लागेल.

मधली_तार

उशीर झाला. त्याने स्वतःच शोधून काढलं.

वारजे_ते_वाकड

थोडं अवांतर. २००८-०९ मध्ये झी मराठीवर लिटल चॅम्प्स लागायचं तेव्हा आमच्या सोसायटीत याच विषयावर भांडणं व्हायची. इवल्या मुलीने प्रौढ प्रेमगीत म्हटलं की निम्मे लोक टाळ्या वाजवायचे आणि निम्मे म्हणायचे, हिला या शब्दांचा अर्थ कळतो का? माझी आजी म्हणायची, अर्थ कळत नाही म्हणूनच गोड लागतं. मला ते तेव्हा पटायचं नाही, आता तर मुळीच नाही.

टेलिवाला

हे फारसं अवांतर नाही. लँगच्या अल्बमवर शाळकरी मुलीला उद्देशून म्हटलेलं एक जुनं गाणं आहे, मूळ सनी बॉय विल्यमसनने १९३७ मध्ये रेकॉर्ड केलेलं. पुढे साठी-सत्तरीच्या कितीतरी गायकांनी म्हटलं. दाढी पांढरी झालेल्या माणसाच्या तोंडी ते शब्द आले की मला चुळबुळ होते. पंधरा वर्षांचा मुलगा तेच म्हणतो तेव्हा ते जागेवर बसतं, शाळेच्या फाटकापाशी उभ्या राहिलेल्या मुलाचं गाणं होतं. त्या एका गाण्यात त्याचं वय उणं नाहीये, अधिक आहे. ब्लूजमधली निम्मी गाणी खरं तर पोरासोरांचीच आहेत. गाडी, मुलगी, घर सोडून जाणं, खिशात पैसे नसणं. यातलं काय पन्नाशीत सुरू होतं?

नवखी

इथे बहुधा मीच सगळ्यात लहान, एकोणीस. कॉलेजच्या बँडमध्ये लीड वाजवते, म्हणून दुसऱ्या बाजूने सांगते.

सतरा वर्षांची असताना शहरातल्या एका कॅफेत वाजवलं. संपल्यावर एक काका आले, फार प्रेमाने म्हणाले, "एवढीशी मुलगी असून काय वाजवतेस!" मी थँक्यू म्हटलं आणि घरी जाईपर्यंत रडू आलं. कारण त्या दिवशी तिसऱ्या गाण्यात माझा हात भरकटला होता. बदल झाला तिथे मी चौथ्या बारऐवजी (बार म्हणजे ठेक्याचा एक तुकडा) तिसऱ्यातच गेले, बासवाल्याने सावरून घेतलं. मला वाटत होतं कुणीतरी ते पकडावं. कुणीच पकडलं नाही. सगळे मला बघत होते, ऐकत कुणी नव्हतं.

दोन महिन्यांनी एका साउंड करणाऱ्या दादाने, नाव-वय काही न विचारता, एवढंच सांगितलं, "तुझा उजवा हात गाणं संपेपर्यंत एकाच जोराचा राहतो. हळू वाजव, मी इथून वाढवतो." तेवढ्या एका वाक्यावर मी वर्षभर काम केलं.

म्हणून मधली_तार काका, मुलाला 'वयाच्या मानाने' म्हणू नका. 'दुसऱ्या मिनिटाला काय केलंस रे?' असं विचारा. त्यावरून तुम्ही दुसरं मिनिट ऐकलंय हे तरी त्याला कळेल.

निगडीकर

नवखी, हा धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. माझी भाजी मागे घेतो.

आरपार

नवखी +१. 'सगळे मला बघत होते, ऐकत कुणी नव्हतं' हे वाचून थांबलो.

जुनी_कॅसेट

सांगितल्याप्रमाणे परत ऐकला, दोनदा. काल रात्री एकदा आणि आज सकाळी तळजाईला फिरताना एकदा.

उसनं दुःख हे माझं म्हणणं निम्मं मागे घेतो. टेलिवाला यांनी वडिलांबद्दल लिहिलं ते वाचल्यावर मला माझा धाकटा भाऊ आठवला. तो सोळाव्या वर्षी घर सोडून गेला होता, चार महिन्यांनी परत आला. त्या चार महिन्यांबद्दल आजवर बोललेला नाही. त्याला त्या वयात कुणी गिटार दिली असती तर काय वाजवलं असतं, हा विचार मी कधीच केला नव्हता.

निम्मं अजून ठेवतो. आवाज मला अजूनही चढवलेला वाटतो. गिटार नाही. गिटारमध्ये तो स्वतःच्या वयाचा आहे. आणि हेही नोंदवतो की लँग पुढे बदलला. १९९८ चा पुढचा अल्बम आणि मग हळूहळू गॉस्पेलकडे वळत गेला, २००६ च्या 'टर्न अराउंड'ला ग्रॅमी मिळालं. ब्लूजचा बालचमत्कार म्हणून ज्यांनी त्याला डोक्यावर घेतलं, त्यातले कितीजण तिथपर्यंत त्याच्याबरोबर गेले? मी गेलो नव्हतो. १९९८ च्या अल्बमनंतर ऐकणं सोडून दिलं, कारण त्याचं वय वाढलं आणि माझं कौतुक संपलं. हे आता लिहिताना मला लाज वाटतेय.

मधली_तार

मंडळी, काल घरी एक गोष्ट घडली, ती सांगतोच.

आई शहात्तर वर्षांची. भजनी मंडळात पेटी वाजवते, इंग्रजी गाण्यांशी संबंध नाही. काल दुपारी ती मटार सोलत बसली होती. मी काही न सांगता त्या अल्बममधलं 'अ क्विटर नेव्हर विन्स' लावलं, सगळ्यात संथ वाटतं ते. मुलगा शेजारी बसलेला, त्याला डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं.

गाणं संपेपर्यंत तिने शेंगा सोलणं थांबवलं नाही. मग म्हणाली, "गळा पन्नाशीचा आहे. काहीतरी पिणाऱ्याचा. पण ते वाद्य दुसरं कुणी वाजवतंय ना? तो पोरगेला वाटतो."

मी विचारलं, कशावरून?

"गाणारा थांबला रे थांबला की हा उडी मारून येतो. त्याला श्वास घेऊ देत नाही. मोठा माणूस जरा वाट बघतो."

मी म्हटलं, आई, दोन्ही एकच माणूस आहे आणि पंधरा वर्षांचा आहे. शेंग हातात तशीच राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "मग गळ्याने सोंग घेतलंय. हाताने नाही घेतलं. हात त्याचा स्वतःचा आहे."

जुनी_कॅसेट, तुमचा प्रतिसाद मी हे घडल्यानंतर वाचला. तुम्ही दोघांनी एकच सांगितलंय.

गंधारवेडी

आजींना माझा नमस्कार सांगा. माझं गंधाराचं सगळं पांडित्य त्यांनी मटार सोलता सोलता पार केलं.

टेलिवाला

आजींबद्दल पूर्ण आदर, पण एक नम्र मतभेद. गायक थांबताच गिटारने उडी मारणं हे काही पोरपणाचंच लक्षण नाही. अल्बर्ट कॉलिन्स पिकलेल्या वयातही असाच अंगावर यायचा. स्टीव्ही रे वॉनही. वाट बघणं ही बी. बी. किंगची रीत, तो गाताना सहसा वाजवायचाच नाही, आधी गळा बोलायचा मग गिटार उत्तर द्यायची. दोन्ही घराणी खरी आहेत. उतावळेपणा हा दोष समजून तुमच्या मुलाने तो काढून टाकू नये एवढंच.

मधली_तार

टेलिवाला, तुमचा प्रतिसाद अगदी वेळेवर आला.

आज सकाळी त्याने पहिलं गाणं फोनवर रेकॉर्ड करून मला पाठवलं. तो शाळेत गेल्यावर मी तीनदा ऐकलं. ब्लूजच्या नेहमीच्या बारा बारच्या साच्यातलंच आहे, शब्द मराठी, कर्वे रोडवरच्या शेवटच्या बसबद्दल. संध्याकाळी आल्यावर नवखीने सांगितलं तसंच विचारलं, "दुसऱ्या कडव्यानंतर एवढा का थांबलास रे?"

"आजी म्हणाली ना, मोठा माणूस वाट बघतो."

"पण पहिल्या कडव्यानंतर नव्हतास थांबला."

"तेव्हा विसरलो होतो."

मी त्याला म्हटलं, मला ते विसरलेलं जास्त आवडलं. तिथे तू बस पकडायला पळतोयस असं वाटतं. दुसऱ्या वेळी तू स्टॉपवर उभा राहून आजीची आठवण काढतोयस. तो हसला नाही, विचारात पडला. मग गिटार घेऊन बाल्कनीत गेला. आत्ता हे लिहितोय तेव्हा तिथून तेच गाणं ऐकू येतंय. दुसरं कडवं संपलं की कधी थांबतोय, कधी नाही.

'वयाच्या मानाने' हे मी एकदाही म्हटलं नाही. एकदा जिभेवर आलं होतं.

नवखी

मराठी शब्द! काका, तयार झालं की इथे टाकाच. आणि तारा कुठल्या लावल्यात त्याने?

मधली_तार

दहाच्या (आकडा मोठा तितकी तार जाड). स्टीव्ही रे वॉन तेराच्या लावायचा हे कुठेतरी वाचून आता अकराच्या मागतोय. बोटाची ती काळी रेघ जरा जाऊ दे म्हटलं, मग बघू.